बाससाठी कास्टिंग रॉड: मोजो बास, फ्युरी ७३४सी आणि अग्ली स्टिक, कुठला कशाला चालतो

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये तो मासा धरला आणि २००९ साली मनाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी केली. म्हणजे आजवरचा सगळ्यात मोठा बाससुद्धा दहा किलोंच्या आसपासचा. टेक्सस असो की न्यू जर्सी, एरवी हाती येणारा मासा दीड-दोन किलोंच्या पुढे क्वचितच जातो. एवढा मासा ओढून आणायला दुकानातला जवळजवळ कुठलाही रॉड पुरतो.

तरीही अमेरिकेतल्या दुकानांत बासच्या रॉडांच्या रांगाच्या रांगा लागलेल्या असतात. कारण हा रॉड माशाच्या वजनावर निवडायचा नसतो, ल्युअरवर, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या नकली आमिषावर, निवडायचा असतो. ल्युअर किती वजनाचा, त्याला एकच जाड गळ आहे की तीन काट्यांचे दोन बारीक गळ, आणि पाण्यातून ओढताना तो किती जोर धरतो, हे ठरले की निम्म्याहून जास्त रॉड आपोआप बाद होतात. हे न ठरवता 'चांगल्या कंपनीचा द्या' म्हणणारा माणूस दोनशे डॉलर देऊनही चुकीचा रॉड घेऊन येतो.

इथे तीन कास्टिंग रॉड, म्हणजे ज्यांवर रील वरच्या बाजूला बसते असे, पाहू. सेंट क्रॉय मोजो बास ७ फुटी मिडियम-हेवी फास्ट, डोबिन्स फ्युरी ७३४सी आणि अग्ली स्टिक जीएक्स२ ७ फुटी मिडियम-हेवी. पहिले दोन साधारण सव्वाशे ते दीडशे डॉलरच्या घरातले, तिसरा पन्नासच्या आसपासचा. पहिला रॉड घेणाऱ्याच्या समोर बहुधा हेच तीन किंवा यांचेच भाऊबंद येतात.

रॉडवर छापलेले कसे वाचायचे

मुठीच्या वर ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ दांडीवर, बारीक अक्षरांत पाच गोष्टी असतात. मोजो बासवर लांबी ७ फूट, पॉवर मिडियम-हेवी, ॲक्शन फास्ट, लाइन १२ ते २० पौंड आणि ल्युअर ३/८ ते १ औंस, असे लिहिलेले असते. औंस म्हणजे २८ ग्रॅम. त्यामुळे ३/८ म्हणजे साडेदहा ग्रॅम, अर्धा म्हणजे १४, पाऊण म्हणजे २१. ग्रॅमची सवय असलेल्यांनी एवढे चार आकडे डोक्यात ठेवले की दुकानात अडत नाही.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट रॉडचे फक्त वरचे टोक, साधारण वरचा पाव ते तिसरा हिस्सा वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. मॉडरेट रॉड पार मधल्यापर्यंत कमान धरतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानातले विक्रेतेसुद्धा त्या एकमेकींत मिसळतात. 'जरा हार्ड रॉड द्या' या मागणीवर कोणी मिडियम-हेवी फास्ट हातात देईल, कोणी हेवी मॉडरेट. पाण्यावर गेल्यावर या दोन रॉडांत काही साम्य उरत नाही.

पॉवरचे कंपन्यांमध्ये सामाईक माप नाही. एका कंपनीचा मिडियम-हेवी दुसरीकडे मिडियम ठरू शकतो. म्हणून त्या शब्दापेक्षा ल्युअरच्या वजनाची मर्यादा अधिक विश्वासाची, आणि तीही मधल्या भागात धरायची. ३/८ ते १ औंस लिहिले असेल तर तो रॉड अर्धा ते पाऊण औंसाला खरा खुलतो. खालच्या टोकाला ल्युअर रॉडला नीट वाकवत नाही, त्यामुळे फेक तोकडी पडते आणि लांब टाकण्याच्या नादात मनगटाने जोर लावला की बेटकास्टर रीलवर, म्हणजे कास्टिंग रॉडच्या रीलवर, लाइनचा गुंता होतो. वरच्या टोकाला ब्लँक फेकीतच जास्त वाकतो आणि ल्युअर भरकटतो.

वजन धरायचे ते सगळ्याचे मिळून. अर्ध्या औंसाच्या जिगला (शिशाचे डोके असलेल्या गळाला) मागे रबरी खेकडा लावला की एकूण पाऊण औंसाच्या जवळ जाते. उलट, शिसे न लावता टाकलेला पाच इंची सेन्को, म्हणजे मऊ रबरी किडा, जवळजवळ ३/८ औंस भरतो. 'वजन नाही' म्हणून त्याला हलका रॉड शोधत बसायची गरज नाही.

गळ एक की तीन काट्यांचे

निवडीचा खरा सांधा इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर.

जिग, टेक्सस रिग, फ्रॉग, स्पिनरबेट, चॅटरबेट या सगळ्यांना एकच जाड गळ असतो. टेक्सस रिगमध्ये तर गळाचे टोक रबरी किड्याच्या अंगात लपवलेले असते, गवतात अडकू नये म्हणून. मासा तोंडात घेतो तेव्हा ते टोक आधी रबरातून बाहेर यायला हवे आणि मग जबड्याच्या हाडाळ भागात रुतायला हवे. त्यासाठी झटक्याचा जोर वाया न जाता थेट पोचायला लागतो. फास्ट रॉड हे काम करतो, कारण टोक वाकून संपले की लगेच ताठ खालचा भाग हाती लागतो. इथे मॉडरेट रॉड घेतला तर अर्धा झटका रॉड वाकवण्यातच संपतो. मासा दोन सेकंद ओढल्यासारखा वाटतो, सुटतो, आणि रबरी किड्यात गळ जसाच्या तसा लपलेला परत येतो. ही खूण दिसली की गळ बदलण्याआधी रॉडकडे पाहावे.

क्रँकबेट, जर्कबेट, पाण्यावर चालणारे पॉपर यांना तीन काट्यांचे दोन, कधी तीन, गळ असतात. काटे बारीक, त्यामुळे फार जोर न लावता रुततात, पण फार खोल जात नाहीत. अनेकदा जबड्याच्या कडेच्या पातळ पडद्यातच अडकतात. बास पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो, शिवाय ल्युअर स्वतः जड, तो उलट्या दिशेने हिसका देतो. ताठ रॉड असेल तर तो पडदा फाटून भोक मोठे होते आणि काटा निसटतो. मॉडरेट रॉड वाकलेला राहतो, लाइन सैल पडू देत नाही आणि हिसका स्वतःवर घेतो. दुसरा फायदा आधीच, चावण्याच्या क्षणी होतो. क्रँकबेटवर बास मागून येऊन तोंड उघडतो आणि पाण्यासकट ल्युअर आत ओढतो. टोक मऊ असेल तर ल्युअर आत जाऊ शकतो. टोक ताठ आणि लाइन ताणलेली असेल तर माणूस नकळत तो माशाच्या तोंडातून काढून घेतो.

म्हणून एकच रॉड सगळ्याला चालतो हे फारसे खरे नाही. एकाच रॉडवर भागवायचे तर सात फुटी मिडियम-हेवी फास्ट घ्यावा, कारण एका गळाचे ल्युअर संख्येने जास्त आणि गवत-झाडीत तेच टाकता येतात. मात्र क्रँकबेटवर थोडे मासे सुटणार, हे धरून चालावे.

मोजो बास

सेंट क्रॉय ही विस्कॉन्सिनमधल्या पार्क फॉल्सची १९४८ पासूनची कंपनी. मोजो बास ही तिची मधल्या किमतीची मालिका, मेक्सिकोतल्या कारखान्यात बनणारी. ब्लँक एससीटू ग्राफाइटचा. कंपनीकडे याच्या वर एससीथ्री, एससीफोर आहेत. ते हलके आणि अधिक संवेदनशील, पण नव्या हातात एससीटूच बरा. ग्राफाइट जितके उंच प्रतीचे तितकी भिंत पातळ, आणि होडीच्या कडेवर आपटले, शिशाचा गोळा लागला की तडा जाण्याची शक्यता जास्त.

सात फुटी मिडियम-हेवी फास्टवर ३/८ आणि १/२ औंसाचे स्पिनरबेट, चॅटरबेट, पाव ते ३/८ औंस शिशाचा टेक्सस रिग, ३/८ औंसाची जिग आणि सेन्को हे सगळे निर्धास्त चालते. लाइन १५ पौंडाची फ्लुरोकार्बन. तळाचा दगड, लाकूड आणि गवत यांतला फरक बोटांना कळतो. चिखलातून शिसे जाताना मऊ ओढ लागते, दगडावर टकटक, आणि हायड्रिलाच्या गवतात आधी ताण वाढत जाऊन मग तटकन सुटल्यासारखे होते. दीडशे डॉलरच्या आत एवढे कळणे पुष्कळ आहे.

कमतरता दोन. पाव औंसाच्या आतला ल्युअर याला पेलत नाही, म्हणजे पेलतो पण फेकला जात नाही. आणि पाण्यावर चटईसारख्या पसरलेल्या दाट गवतात फ्रॉग टाकायला हा अपुरा पडतो. मासा गवतात खाली शिरतो, दोन किलोंच्या माशाबरोबर तेवढ्याच वजनाचे गवत येते आणि या पॉवरचा रॉड त्याला वर उचलू शकत नाही. विरळ लव्हाळ्यात ठीक.

पहिला आणि तूर्त एकमेव रॉड म्हणून या तिघांत मत मोजो बासलाच.

फ्युरी ७३४सी

डोबिन्सचे आकडे वाचायला सोपे आहेत. ७३ म्हणजे ७ फूट ३ इंच, ४ म्हणजे पॉवर, सी म्हणजे कास्टिंग. ७३३सी मिडियम-हेवी, ७३४सी हेवी, ७३५सी त्याहून जड. ७३४सी च्या खालच्या भागात जोर हेवीचा आहे, पण टोक त्या मानाने मऊ, त्यामुळे अर्ध्या औंसाचा स्पिनरबेटही नीट जातो. 'हेवी' हा शब्द वाचून लोक याला बाजूला ठेवतात, ते चुकते.

हा रॉड जिगसाठी घ्यावा. अर्धा ते पाऊण औंसाची जिग, अर्ध्या औंस शिशाचा टेक्सस रिग, कॅरोलायना रिग, आणि मध्यम गवतात फ्रॉग. वरचे तीन इंच कमी वाटतात, पण लांब अंतरावर मासा लागला की सैल लाइन गोळा करायला ते उपयोगी पडतात. लाइन फ्लुरोकार्बन १७ ते २० पौंड. फ्रॉगला ५० ते ६५ पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, थेट गळाला बांधलेली, मध्ये लीडर (दुसऱ्या लाइनचा जोडतुकडा) नको.

डॅलसच्या पूर्वेला असलेल्या लेक फोर्कसारख्या ठिकाणी हा जोर लागतो. १९८० च्या सुमारास धरण भरले तेव्हा झाडे तशीच उभी राहिली, आणि आजही पाण्याखाली बुंधे आणि फांद्या आहेत. टेक्ससचा राज्यविक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ मध्ये याच तलावात मिळाला. बुंध्यालगत मासा लागला की पहिल्या दोन सेकंदांत त्याला बाहेर ओढावे लागते. एक वेढा बसला की लाइन कितीही जाड असली तरी घासून तुटते. मिडियम-हेवी रॉड तिथे जेमतेम पुरतो.

याचा तोटा असा की उंचीने लहान माणसाला, किंवा काठावर झाडांखाली उभे राहून टाकणाऱ्याला, ७ फूट ३ इंच अडचणीचे होते. मागची मूठ लांब, ती कोपराला आणि जाड जॅकेटला अडते. कयाकमध्ये बसून टाकणाऱ्याने तर साडेसहा ते सात फुटांच्या वर जाऊ नये.

अग्ली स्टिक जीएक्स२

शेक्सपिअर कंपनीने १९७६ मध्ये पहिला अग्ली स्टिक आणला. जीएक्स२ हा त्याच वंशातला. ग्राफाइट आणि फायबरग्लास एकत्र, टोकाकडचा पारदर्शक भाग भरीव फायबरग्लासचा, गाईड (लाइन ओवायच्या कड्या) आतल्या रिंगशिवाय एकसंध स्टेनलेसचे. मोडायला कठीण, ही याची कीर्ती, आणि ती योग्य आहे. मुलांच्या हातात द्यायला किंवा गाडीच्या डिकीत कायम ठेवायला याच्यासारखा रॉड नाही.

पण वर मिडियम-हेवी लिहिले म्हणून मोजो बासच्या जागी तो बसत नाही. ग्लासमुळे टोक सावकाश सावरते, तळाचा स्पर्श बोथट होतो आणि रॉड हाताला टोकाकडे जड लागतो. टेक्सस रिग टाकून दोन तास उभे राहिले की मनगट बोलायला लागते. शिसे दगडावरून गेले की फांदीवरून, याचा अंदाज येत नाही.

हाच संथपणा क्रँकबेटला मात्र हवा असतो. ३/८ ते ५/८ औंसाचा चौकोनी जिभेचा क्रँकबेट, १२ पौंडाची मोनोफिलामेंट किंवा फ्लुरोकार्बन, आणि सावकाश गिअरचे रील, म्हणजे ५.४:१ ते ६.३:१ च्या दरम्यानचे. एवढी जोडणी केली की तीन काट्यांवरचे मासे सुटायचे प्रमाण उघड कमी होते. मोजो बास जिग-टेक्सससाठी आणि अग्ली स्टिक क्रँकबेटसाठी, ही दोघांची जोडी दोनशे डॉलरच्या आसपास बसते, आणि एकाच तीनशे डॉलरच्या रॉडपेक्षा जास्त कामे करते. जास्त खर्च करायची तयारी असेल तर मोजो बासमध्येच ग्लासची वेगळी मालिका आहे. ती फक्त क्रँकबेटसाठी घडवलेली, हाताला अधिक तोललेली.

इथे एक अपवाद आहे. रॅट-एल-ट्रॅपसारखा जिभेशिवायचा, खुळखुळणारा अर्ध्या औंसाचा ल्युअर वसंताच्या सुरुवातीला गवताच्या शेंड्यांवरून ओढतात. सॅम रेबर्नसारख्या तलावांवर ही पद्धत नेहमीची. ल्युअर गवतात टेकला की झटक्याने सोडवायचा, आणि सुटतानाच मासा घेतो. फार मऊ ग्लासचा रॉड हा झटका गवतापर्यंत पोचवतच नाही, ल्युअर गवताची जुडी घेऊन परत येतो. त्यासाठी मिडियम-हेवी ग्राफाइटच, शक्यतो मॉडरेट-फास्ट, आणि मासा लागल्यावर ड्रॅग (रीलचा ब्रेक) थोडा ढिला.

या तिघांना न जमणारे काम

उत्तरेकडची स्वच्छ पाण्याची सरोवरे, मिशिगन किंवा न्यू यॉर्कच्या वरच्या भागातली, तिथे स्मॉलमाउथ बास आणि ३/१६ ते पाव औंसाचे ल्युअर चालतात. ड्रॉप शॉट, नेड रिग, लहान ट्यूब. पाच-सात ग्रॅमचे वजन कास्टिंग रॉडने टाकू नये. तिथे ६ फूट १० इंच ते ७ फुटी मिडियम-लाइट किंवा मिडियम स्पिनिंग रॉड, फास्ट किंवा एक्स्ट्रा-फास्ट ॲक्शन, २५०० आकाराचे रील, १० ते १५ पौंडाची ब्रेड आणि पुढे ६ ते ८ पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर. अशा भागात राहणाऱ्याने पहिला रॉड स्पिनिंगचाच घ्यावा आणि वरचे तिन्ही नंतर पाहावेत.

दुकानात काय तपासायचे

आपले रील बरोबर न्यावे. रीलशिवाय तोल कळत नाही. रील बसवून, त्याच्या अगदी पुढे एका बोटावर रॉड टेकवावा. टोक सावकाश खाली गेले तर चालेल, धाडकन गेले तर दिवसभर ते टोक मनगटाने उचलून धरावे लागणार. पकडायच्या मुठीत बोटे चापाच्या मागेपुढे कशी बसतात हे पाहावे. ब्लँकला बोट टेकले तर स्पर्श अधिक कळतो. मागची मूठ कोपराच्या थोडी पुढे संपावी.

गाईड मोजावीत. सात फुटी रॉडला टोकाचे धरून निदान आठ हवीत. मग रीलमधून लाइन ओवून विक्रेत्याला टोक धरायला सांगावे आणि रॉड कमानीत आणावा. दोन गाईडांमध्ये लाइन ब्लँकला घासत असेल तर गाईड कमी आहेत किंवा चुकीच्या अंतरावर आहेत. हे स्वस्त रॉडांत फार दिसते, आणि ब्रेड वापरणाऱ्याला ते महागात पडते.

प्रत्येक रिंगच्या आतून कापसाची काडी फिरवावी. धागा अडकला तर तडा आहे. डोळ्यांना न दिसणारा तडासुद्धा फ्लुरोकार्बन खरवडतो आणि मग 'लाइन खराब निघाली' असा दोष लाइनला जातो. सगळी गाईड एका रेषेत आहेत का, हे मुठीकडून एक डोळा मिटून पाहावे. गाईडांच्या दोऱ्यावरच्या इपॉक्सीत बुडबुडे किंवा उघडा दोरा दिसला तर दुसरा नग मागावा. मॉडेल तेच असले तरी नग सारखे नसतात.

छताला टोक लावून रॉड वाकवून पाहण्याची सवय मात्र सोडावी. त्यात जोर अगदी शेवटच्या काही इंचांवर येतो, आणि रॉडाच्या कामाबद्दल काहीही कळत नाही.

लाइन आणि ड्रॅग

रॉडवर छापलेले पौंड मोनोफिलामेंट-फ्लुरोकार्बनच्या हिशेबाने असतात. ५० पौंडाची ब्रेड जाडीला साधारण १२ पौंडाच्या मोनोएवढी, ३० पौंडाची ८ पौंडाएवढी. म्हणून १२–२० लिहिलेल्या रॉडवर ३० ते ५० पौंडाची ब्रेड बसते. धोका जाडीचा नसून न ताणण्याचा आहे. मोनो ताणली जाते आणि रॉडवरचा धक्का कमी करते. ब्रेड तसूभरही देत नाही, आणि ती तुटण्याआधी रॉड तुटतो. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्के ठेवावा. १५ पौंडाच्या लाइनला चार-साडेचार पौंड, म्हणजे दोन किलोंच्या आसपास. माशांच्या तराजूचा हूक लाइनला अडकवून हे दोन मिनिटांत मोजता येते. पाण्यावरच्या ल्युअरला फ्लुरोकार्बन नको, ती बुडते आणि पॉपरचे नाक खाली ओढते.

रॉड कसे मोडतात

मासा ओढताना रॉड क्वचितच मोडतो. मोडतो तो बहुतेक वेळा मासा होडीजवळ आल्यावर. लाइन अगदी थोडी बाहेर उरलेली, माणूस मासा वर घ्यायला मूठ आभाळाकडे करतो, आणि सगळा भार खालच्या जाड भागावरून सरकून वरच्या एक-दीड फुटावर येतो. ग्राफाइट तिथे कांडीसारखे तुटते. मासा जवळ घेताना रॉडच्या लांबीएवढी लाइन बाहेर राहू द्यावी, मूठ खाली ठेवून रॉड मागे न्यावा आणि दुसऱ्या हाताने बासचा खालचा जबडा धरावा. त्याचे दात सँडपेपरसारखे बारीक असतात, अंगठ्याला इजा होत नाही.

ल्युअर अडकला की रॉड वाकवून ओढू नये. टोक अडकलेल्या ठिकाणाकडे सरळ रोखावे, स्पूल अंगठ्याने घट्ट दाबावे आणि मागे सरकावे. ब्रेड असेल तर ती हाताला न गुंडाळता लाकडाच्या तुकड्याला गुंडाळावी. बोट कापले जाते.

तिसरे कारण लगेच दिसत नाही. फेकताना अर्ध्या-पाऊण औंसाचे शिसे ब्लँकला आपटते, आतले तंतू दुखावतात, वरून ओरखडाही नाही. पुढे कधीतरी साध्या माशावर रॉड त्याच जागी फुटतो आणि खरेदीला दोष दिला जातो. रॉड होडीत एकमेकांवर टाकू नयेत, ल्युअर गाईडच्या रिंगमध्ये अडकवू नये. त्यासाठी मुठीजवळ वेगळी कडी असते. गाडीचे दार आणि छताचा पंखा यांनी घेतलेले बळी वेगळे.

भारतात नेताना आणि वापरताना

सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. एकसंध रॉड विमानाच्या नेहमीच्या, लांबी-रुंदी-उंची मिळून ६२ इंचांच्या मर्यादेत बसत नाही. गावी न्यायचा असेल तर दोन तुकड्यांचा घ्यावा, तो साडेतीन-पावणेचार फुटांच्या नळीत मावतो. सांध्यावर साधे मेण चोळावे, गाईड एका रेषेत आणून सरळ दाबून बसवावा, आणि अधूनमधून सैल झाला का पाहावे. सैल सांध्यावर फेकणे म्हणजे तिथेच ब्लँक फोडून घेणे. चांगल्या दोन तुकडी रॉडात आणि एकसंधात हाताला जाणवणारा फरक आता फारसा उरलेला नाही.

रायगडच्या खाड्यांतला जिताडा, म्हणजे गोव्याचा चोणक, यासाठी हेच बास रॉड वापरले जातात, आणि ७३४सी सारखा हेवी त्याला योग्यही आहे. पण तिथे तीन गोष्टी बदलाव्या लागतात. चोणकाच्या गालफडाची कड सुरीसारखी धारदार, म्हणून ३० ते ४० पौंडाचा लीडर हवाच, आणि त्याचा जबडा बाससारखा उघड्या हाताने धरू नये, पकड वापरावी. ल्युअरवरचे बारीक तीन काट्यांचे गळ तो चिरडतो किंवा सरळ करतो, ते जाड बदलून घ्यावेत. आणि खारे पाणी. गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या रॉडाचे गाईड आणि रील सीटचे स्क्रू खाडीत लवकर गंजतात. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावे, रील काढून सीटच्या आतूनही पुसावे आणि उभा वाळवावा.

वॉरंटी

अग्ली स्टिक जीएक्स२ ला सात वर्षांची, मोजो बासला पाच वर्षांची वॉरंटी मिळते. वॉरंटी बनावटीतल्या दोषावर असते, दारात चिरडलेल्यावर नाही. पावतीचा फोटो काढून ठेवावा, कारण छापील पावतीची शाई वर्षभरात उडते. रॉड परत पाठवायचा झाला तर एकसंध सात फुटाचा पोस्टाचा खर्च स्वतःच्या खिशातून जाऊ शकतो. दुकान जवळ असेल तर रॉड तिथेच घ्यावा आणि बदलून देतात का, हे पैसे देण्याआधी विचारावे.